पेजेची वाटी

माझ्या मुलीला गिळता येत नव्हतं. घास दिला की ठसका, जीव घाबरा. सात वर्षांची होती तेव्हा दवाखान्यात नाकातून पोटापर्यंत नळी घातली. अलकापुरीतल्या दुकानांत नळीतून द्यायची डब्यातली पावडर नवीनच मिळायला लागली होती, पण ती काय आम्हाला रोज परवडते? दवाखान्यातली आहाराची बाई गुजराती. म्हणाली, "बेन, घरचं चालेल. पण डाळ, तूप, शाक सगळं पडलं पाहिजे. आणि दर महिन्याला वजन."

मी दुसरीपर्यंत शिकले, पण ते पाठ केलं. मूगडाळ-तांदूळ भाजून दळायचे, खंडेराव मार्केटातला दुधी नाहीतर गाजर घालून शिजवायचं, तूप घालायचं, मिक्सरला फिरवून मलमलच्या फडक्यातून गाळायचं. मग पिचकारीनं हळूहळू नळीत.

माझ्या आईचं ऑपरेशन निघालं. नाशिकला बारा दिवस जावं लागलं. मुलीला थोरल्या जाऊबाईंवर सोपवलं. एका दिवसाची एक, अशा पिठाच्या बारा पुड्या बांधून दिल्या. तुपाची बरणी भरून ठेवली.

परत आले तर मुलीच्या गालाची हाडं वर आलेली. पुड्या मोजल्या. नऊ शिल्लक. तुपाला चमचा लागला नव्हता.

"वहिनी, हिला काय घातलंत?"

"पेज घातली की! नळीतून जातं, जिभेला लागतंय कुठे? तिला पेज काय नि बासुंदी काय. कोण बसतंय रोज गाळत!"

दवाखान्यात काट्यावर बसवलं, तर दोन किलो गेलेले. मी रडले नाही. गौरी आठवड्यावर होत्या.

त्या वर्षी जाऊबाईंच्या लेकीचं लग्न ठरलेलं. होणारी विहीणबाई सवाष्ण म्हणून जेवायला आली. वाढणं माझ्याकडे. सगळ्यांना पुरणपोळी, तूप, सोळा भाज्या. जाऊबाईंच्या पानात नुसती पेजेची वाटी. मीठसुद्धा नाही.

विहीणबाई म्हणाली, "अहो, यांना हे काय?"

"नऊ दिवस माझ्या पोरीला हेच घातलंय त्यांनी. पुड्या होत्या, तूप होतं, तरी. एक दिवस त्यांनीही खाऊन बघावं."

जाऊबाईंचे दीर, म्हणजे आमचे हे, खाली मान घालून बसले. जाऊबाईंनी वाटी उचलली, प्यायल्या. सगळी. मी तिथेच बघत उभी राहिले.

मग पुरण दुधात पातळ केलं, दोनदा गाळलं, आणि त्यांच्यासमोर बसून मुलीला दिलं. मुद्दाम सावकाश.

दोन महिन्यांत गेलेलं वजन भरून आलं.

जाऊबाई आता हरणीला लेकाकडे असतात. दात गेलेत, पेजेवरच आहेत म्हणे. ऐकलं की बरं वाटतं मला. खोटं कशाला बोलू?