माझ्याच भाताला न शिवणारा कावळा

मी शटरिंगचा सुतार, चौथी शिकलेला. लिहिण्यात चुकलो तर सांभाळून घ्या. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, तेव्हा तुम्हाला हसायचं तर हसा.

साल अठ्ठ्याण्णव. आखातात, खोर फक्कानला बंदराजवळ साईट होती. गावी माझी बायको शेवंती तापाने पडली. निरोप आला — या. मी म्हटलं, ताप काय, उतरेल, स्लॅब झाला की येतो. ती आठ दिवसांत गेली. क्रियेलाही सुट्टी मिळाली नाही, सगळं मुलाने केलं.

दहाव्याला त्याचा फोन. "बाबा, कावळा पिंडाला शिवला नाही. सगळी वचनं देऊन झाली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला."

मला वाटलं, ती माझ्यावर रागावून गेली.

दुसऱ्या दिवसापासून साईटवर एक कावळा यायला लागला. डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं. बाकीच्यांच्या डब्यातलं पळवायचा. मी टाकलेल्या भाताला शिवायचा नाही... नुसता मला बघायचा.

"गणपतराव, तुझा भातच कच्चा असतो," सदू म्हणायचा. सदू माझा रूममेट, सावंतवाडीकडचा.

मग एका शुक्रवारी आम्ही दोघे दुबईत करामाला माझ्या मेव्हण्याकडे गेलो. डोंगर ओलांडून दोन तासांचा रस्ता. जेवायला बसलो तर खिडकीतल्या एसीवर तोच कावळा. बोट तुटलेलं. त्यानंतर सदू हसला नाही.

माझं अन्न तुटलं. आरशात बघून स्वतःला शिव्या द्यायचो. क्लिनिकातला मल्याळी डॉक्टर म्हणाला, "दोस्त का बीवी मरा तो उसको गाली देगा क्या? आँख बंद करो, साँस गिनो, छाती पे हाथ रखो. फिर दोस्त को जैसा बोलता, वैसा अपने को बोलो."

मला तो येडाच वाटला. पण भ्यालेला माणूस काहीही करतो. दुपारच्या सुट्टीत फळ्यांच्या ढिगावर बसलो. पुढ्यात ताटलीत भात, समोर कावळा. डोळे मिटले. एक श्वास, दोन... सात... म्हणालो, "गणपत, चुकलास. पण ती जाणार हे तुला ठाऊक नव्हतं. आता जेव बाबा."

तेवढ्यात छातीवरच्या माझ्या हातावर कुणीतरी हात ठेवला. तापलेला — तापातल्या माणसाचा असतो तसा. मनगटाला बांगडीची काच लागली. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

हात उचलला गेला.

"कावळ्याने खाल्ला रे. सगळा खाल्ला." सदूचा आवाज. डोळे उघडले तर ताटली रिकामी, कावळा नाही. सदू दहा पावलांवर उभा, पांढराफटक.

"तुझ्याजवळ कोण बसलेलं?"

"तुला दिसलं?"

"काय नाय. खलास. जेव तू."

पुढच्या आठवड्यात त्याने खोली बदलली. कावळा परत आला नाही. उन्हाने, उपाशीपोटी मला भास झाला म्हणा... मग सदूला काय झालं? मला आजवर उलगडलेलं नाही.

आता म्हातारा झालो, गावी असतो. अजून श्वास मोजत बसतो. वेळेला आलो नाही, त्याची माफी स्वतःला देऊन झाली. पण त्या दुपारी मी डोळे उघडले नाहीत, त्याची देता येत नाही. शेवंती एवढ्या लांब आली होती, आणि मी तिलाच घाबरलो.