दत्तूमामांची चौकशी

सेलूच्या कापड दुकानात मी नोकरीला लागलो, तेव्हा दत्तूमामा तिथले सर्वांत जुने विक्रेते होते. गिऱ्हाईक आलं की त्याला शेजारी गादीवर बसवायचे, मग ते कुठल्याही वस्तीतलं असो. काय पाहिजे, हे विचारायचेच नाहीत. "कोण्या गावचे? कापूस येचून झाला का?" तिथून लेकीच्या सासरपर्यंत जायचे, आणि मग उठून नेमकं लुगडं काढायचे. "माणूस कळल्याबिगर कापड काय दाखवावं?" म्हणायचे.

पुढे मालकांच्या मुलानं कारभार हाती घेतला. गिऱ्हाइकांशी कसं बोलावं हे शिकवायला त्यानं पुण्याहून एक गृहस्थ आणले. हसून नमस्कार करा, सर्वांना 'आपण' म्हणा, घरच्या चौकश्या नकोत. आम्हा तरुणांना ते लाभलं, हे कबूल करायला हवं. दलित गिऱ्हाइकांना उभ्याउभ्याच "काय रे, काय पायजे?" म्हणणारे आम्ही "या, बसा" म्हणायला लागलो. विक्री वाढली. नियम कोण पाळतो आणि कोणाची विक्री किती, हे वहीत टिपायचं काम माझ्याकडं आलं.

मामांनी मनापासून प्रयत्न केला. "लय अवघड हाय बाबा," म्हणायचे, "तोंड हसायलंय अन् ध्यान तुझ्या वहीत."

लग्नसराईत पिंगळीच्या गोदाबाई आल्या. मामांसाठी परभणी ओलांडून रेल्वेनं यायच्या. मागच्या खेपेला नवरा सोबत होता. या वेळी एकट्या होत्या आणि कपाळावर कुंकू नव्हतं. मामांनी ते पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मालकांचा मुलगा समोरच बसला होता.

"नमस्कार," मामा हात जोडून म्हणाले. "आपल्याला काय दाखवू?"

बाई गोंधळल्या. "मामा, कावून असं बोलायलाव? माझं काही चुकलं का?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. बाईंनी दोन लुगड्यांना नुसता हात लावला आणि उठल्या.

आठवडाभरात मामांना गोदामात गठ्ठे सोडायला बसवलं. त्यांची विक्री सर्वांत कमी, असं माझ्याच वहीवरून निघालं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली.

त्यांना त्यांच्या गावच्या, सोनपेठच्या एसटीत बसवायला मी गेलो. "मामा, माझा नाइलाज होता," मी म्हणालो.

"ठावं हाय रे. तुझ्यावर राग न्हाई." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "फकस्त इचारायचं व्हतं, बाई, हे कवा झालं. येवढंच. तोंडातून निघालंच न्हाई बघ."

मी खिडकीखाली उभा राहिलो. गाडी हलली, तसे मी हात जोडले.