पाणीमामांचा लेखी खुलासा

पाणीमामांइतका अपशकुनी माणूस दुसरा नाही, यावर चौसष्ट फ्लॅटच्या त्या इमारतीचं एकमत होतं. हे विशेषच, कारण लिफ्टमध्ये आरसा असावा की नसावा यावरसुद्धा तिथे तीन वर्षं एकमत झालं नव्हतं.

मामांनी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात पंप सांभाळले. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, कुंड्यांना पाणी घालतात, निदान शेजाऱ्यांना आपल्या गुडघ्यांची गाऱ्हाणी ऐकवतात. मामा रोज सकाळी बॅटरी घेऊन तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरत. कोपऱ्यात पाणी साठायचा खड्डा होता आणि त्यात दोन पंप होते. पाणी चढलं की वर तरंगून पंप सुरू करणारा एक फुगाही होता. मामा झाकण उघडून तो फुगा हाताने उचलत. पंप घुरघुरला की 'छान, आता जीभ आत घ्या' म्हणणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा करून वर येत.

"माझा रक्तदाब कधी विचारलात का हो?" मामी म्हणत. "त्या खड्ड्याची नाडी मात्र रोज बघता!"

मामांचं म्हणणं साधं होतं. रस्ता वर, तळघर खाली. पाणी कुठे जाईल हे कळायला शिक्षण लागत नाही. न कळायला मात्र बरंच लागतं, आणि इमारतीत शिकलेली माणसं भरपूर होती.

तरी बारा वर्षं तळघर कोरडं राहिलं होतं. त्याचं श्रेय रॅम्पच्या तोंडाशी असलेल्या सिमेंटच्या वीतभर उंचवट्याला होतं. रस्त्यावरचं पाणी त्याला टेकून थांबे आणि मुकाट गटाराकडे वळे. पुढे अध्यक्षांनी नवी गाडी घेतली. ती इतकी बुटकी होती, की रस्त्यावर पडलेलं काहीतरी हुंगत चालल्यासारखी दिसे. रोज संध्याकाळी ती उंचवट्यावरून जाताना 'खर्रर्र' असा आवाज येई आणि आत बसलेले अध्यक्ष स्वतःचंच पोट खरवडल्यासारखे विव्हळत. महिन्याभरात सभेपुढे विषय आला : 'प्रवेशमार्गाचे सुशोभीकरण.'

मामा उभे राहिले. "अध्यक्षसाहेब, तो उंचवटा काढलात तर अख्खा रस्ता खाली येईल."

"रस्ता कसा खाली येईल मामा? तो डांबरी आहे!"

सभा खो-खो हसली. पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दात न काढता विचारलं, "मामा, बारा वर्षांत कधी पाणी आलंय का पण?"

"नाही आलं."

"मग झालं तर!"

"अहो, उंचवटा आहे म्हणून नाही आलं!"

सचिवांनी लिहून घेतलं, 'पाणी येत नाही, असे मामांनी स्वतः मान्य केले.'

"गाड्यांचं सोडा," मामांचा आवाज चढला. "गाड्या बुडाल्या तर बुडू देत. पण पाणी भरत असताना कुणीतरी गाडी काढायला खाली जाईल हो! आमच्या खात्यात एक जोडीदार पंपघरात हत्यारांची पेटी आणायला गेला. पाण्याने दाराला असा रेटा दिला, की आम्ही चौघांनी ओढूनही ते उघडलं नाही."

मग कुणीतरी चहा आला का ते विचारलं. ठराव एकेचाळीस विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. मामींनी दोन्ही हात वर केले होते, पण सचिवांनी त्यातला एकच धरला.

उंचवटा गेला, गुळगुळीत फरशी आली, अध्यक्षांची गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी खाली जाऊ लागली. मामांनी आपली जुनी गाडी मागच्या चढावर नेऊन लावली. "काय मामा, होडी कधी घेताय?" लोक विचारत. मामाही हसत, आणि सकाळी बॅटरी घेऊन खाली उतरत.

मग एका गुरुवारी भरदुपारी आभाळ फाटलं. अर्ध्या तासात रस्त्याची नदी झाली आणि नव्या फरशीवरून घसरत, अगदी आमंत्रण असल्यासारखी खाली निघाली. इतक्या पाण्यापुढे दोन पंप म्हणजे नदी उपसायला दोन वाट्या. मामांनी आणि चौकीदाराने तळघरभर हाका मारून खाली कुणी नसल्याची खात्री केली. वर येऊन मामांनी जिन्याच्या दाराला कुलूप घातलं, तळघराची वीज तोडली आणि रॅम्पच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले.

एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात छत्री अशा थाटात अध्यक्ष आले. "बाजूला व्हा मामा. गाडी काढायचीय."

"नाही."

"अहो, दोन मिनिटांचं काम!"

"तेवढ्यातच आटपतं सगळं."

"गुडघाभर तर पाणी आहे!"

"इथे गुडघाभर. चार पावलांवर पाय उचलून नेईल."

"माझी गाडी, माझी जागा! तुम्ही कोण अडवणार?"

"कुणी नाही. वजन ब्याऐंशी किलो. ढकलून बघा."

अध्यक्षांनी खरंच ढकललं. मामांनी छत्रीची मूठ पकडली. छत्री उलटी झाली, मोडली आणि दोघेही पाण्यात फतकल मारून बसले. सगळ्या गॅलऱ्यांतून लोक मोबाइल धरून उभे होते. मदतीला यायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. अध्यक्ष उठायला बघत, मामा कंबर धरून त्यांना खाली बसवत. असं दहा मिनिटं चाललं.

तेवढ्यात खालून धडामकन आवाज आला. जिन्याचं खालचं दार फुटलं होतं. पाणी तळघराच्या छताला भिडत आलं आणि अध्यक्षांची गाडी रॅम्पवर पाठमोरी तरंगत वर आली. जन्मात पहिल्यांदाच ती जमिनीपासून इतकी उंच होती.

मामांनी त्यांना वरच्या पायरीवर नेऊन बसवलं. पाऊस थांबेपर्यंत त्यांच्या मुठीत मामांची बाही होती.

ती मूठ सुटायला आठ दिवस पुरले. नवव्या दिवशी मामांना समितीचं पत्र आलं : 'सदस्यास त्यांच्या हक्काच्या पार्किंगमध्ये जाण्यास अंगाशी झटून अटकाव केल्याबद्दल, तसेच त्यांच्या छत्रीचे नुकसान केल्याबद्दल, सात दिवसांत लेखी खुलासा करावा.'

मामींचा पारा चढला. "जाऊ द्यायला हवं होतंत त्याला!" मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे... कंबरेपर्यंत."

मामांनी कागद घेतला. खात्यातल्या एकतीस वर्षांनी खुलासा कसा लिहावा तेवढं शिकवलं होतं.

'महोदय, सदर सदस्य आजमितीस हयात आहेत. ही बाब माझ्यामुळे घडली असून तिची संपूर्ण जबाबदारी मी घेतो. पुन्हा प्रसंग आल्यास माझ्या हातून हेच घडेल, याची समितीने नोंद घ्यावी. छत्रीबद्दल दिलगीर आहे.'

समितीने छत्रीबद्दलची दिलगिरी स्वीकारली. उरलेला मजकूर विषयपत्रिकेवर नसल्यामुळे चर्चेला घेण्यात आला नाही.