कॅरीबॅगला पुढचा जन्म नसतो

आमच्या शेजारच्या आबांच्या घरात जाणं कोणालाही सोपं होतं. पण एकदा आत गेलेल्या वस्तूला तिथून बाहेर पडणं अमळनेर गावाच्या इतिहासात जमलेलं नव्हतं. आबा तेलाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना निरोप दिला, स्टोअर मात्र ते सोबत घेऊन आले. "आधी वस्तूची पुढची जागा ठरवायची, मग ती घरात घ्यायची," हे त्यांचं तत्त्वज्ञान. अक्कांचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं. प्रत्येक अवस्थेला खुंटी ठरलेली. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अळूला, चहाचा चोथा गुलाबाला. पाहुण्याच्या पेल्यात घोटभर पाणी उरलं की आबा मागे हजर. "तेवढं तुळशीत ओता." तिथे जरा जास्त वेळ बसलो तर मलाही एखादी खुंटी मिळेल, अशी मला धास्ती वाटे. पुढे गावात पर्यावरणावर एक सभा झाली आणि वक्त्यांना प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुच्छ देण्यात आले. आबांना कोणी बोलावलं नाही ते बरंच झालं. ते कागद सोडवून घड्या घालत बसले असते.

या माणसाचा पराभव केला तो एका पिशवीने. नव्वद सालाच्या आसपास त्यांची बहीण चोपड्याहून कॅरीबॅगमधून शेव घेऊन आली. शेव संपली. आबांनी पिशवी धुतली, दोरीवर वाळत घातली आणि तिच्या पुढच्या जन्माचा विचार सुरू केला. तो काही संपेना. तोवर आणखी पिशव्या आल्या. एक जाळून पाहिली तर घरभर घाण वास. एक परसात पुरली तर अळू खणताना जशीच्या तशी वर आली. "भाऊ, हिला मरणच नाही," आबा मला म्हणाले. फेकून देणं त्यांना ठाऊक नव्हतं. मग दुकानदार देत होते, पाहुणे आणत होते, काही वाऱ्याने अंगणात येत होत्या, आणि आबा प्रत्येक धुऊन, चौकोनी घडी घालून मागच्या खोलीत पोत्यांत भरत होते.

ती खोली लेकीची. धुळ्याला दिलेली लेक दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची आणि मायलेकी तिथे अंथरुणं टाकून बोलत पडायच्या. पुढे एका वर्षी होळी झाल्यावर अक्का खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "बठ्ठी खोली भरी गयी. आते पोर कोठे जपी?" सगळी खोली भरली, आता लेकीने झोपायचं कुठे, असं त्या विचारत होत्या. आबा शेवटी स्टोअरकीपर. म्हणाले, "आवक बंद केली की साठा आटोक्यात येतो."

उपाय असा, की साऱ्या गल्लीला कापडी पिशव्या वाटायच्या. अक्कांनी ट्रंक उघडली, जुनी लुगडी मशीनखाली घातली. लेकीसाठी राखलेलं एक चांगलं लुगडंही कापलं. लेकीला त्यापेक्षा जागेची गरज जास्त होती. पिशव्या सुरेख झाल्या. गल्ली भारावली. तरी अंगणात कॅरीबॅगा येतच राहिल्या, म्हणून आखाजी तोंडावर आली तेव्हा आबा मला घेऊन पाहणीला निघाले.

पहिल्याच घरी वहिनी हसून म्हणाल्या, "तुमची पिशवी ना आबा? अगदी नीट ठेवलीये!" त्यांनी कपाटातून काढली. घडी घातलेली, तोंडाला गाठ मारलेल्या कॅरीबॅगेत.

"अहो, वापरायला दिली होती," आबा म्हणाले.

"इतकी छान पिशवी बाजारात नेऊन मळवू का? काहीतरीच तुमचं!"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी एकात एक अशा दोन कॅरीबॅगा होत्या, कारण "आपल्याकडे धूळ किती हो, आबा!" शिवाय त्या घरच्या बाईंनी आखाजीसाठी कुरडया दिल्या. परतताना त्या आबांच्या हातात होत्या. कशात, ते सांगायला नको.

लेकीला जागा तर हवीच होती, म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी पोती हातगाडीवर घालून आम्ही गावाबाहेर कचरा टाकतात तिथे गेलो. मला वाटलं, उपडी करायची आणि परतायचं. आबा गुडघ्यांवर बसले आणि थप्प्या लावू लागले. पांढऱ्या वेगळ्या, पट्ट्यांच्या वेगळ्या, प्रत्येक थप्पीवर एक दगड.

"आबा, उकिरडा आहे हा. इथे कोण बघणार?"

"कुठे ठेवलं ते आपल्याला तरी माहीत पाहिजे ना, भाऊ."

आमच्याकडचा त्या दिवसांतला वारा दगडाला जुमानत नाही. एक थप्पी उठली, मग दुसरी, मग सगळ्याच. घड्या हवेत उलगडल्या आणि बाभळींवर जाऊन बसल्या. आबा एकदोघींच्या मागे धावले, मग दगड हातात घेऊन तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी लेक आली. "आबा, खोली किती मोठी वाटतेय यंदा!" म्हणाली. आबा "हं" म्हणाले. जेवणं झाल्यावर मायलेकी आत आडव्या झाल्या. त्यांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. आबा ओट्यावर माझ्याशेजारी बसले होते. मधूनच वाऱ्याची झुळूक यायची, रस्त्यावर काहीतरी सळसळायचं. आबा अर्धे उठायचे आणि पुन्हा बसायचे.