पहिल्या पसंतीचं कॉलेज

उत्तरेश्वरनं सव्वीस हंगाम ऊस तोडला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. बायको भिवराबाई तापानं गेली, जोडी मोडली, आणि त्याच सालात त्याचा गुडघाही गेला. सिरसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात, दोन खणांच्या घरात तो आणि मुलगी मुक्ता, एवढी दोघंच उरली.

पुढं दुष्काळ पडला. सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी उघडली, तिथं तो वैरण टाकायला लागला. चाळीस दावणी, दिवसातून दोन फेऱ्या. एका जनावराची पेंढी तो हातावर तोलून टाकायचा. सोसायटीचा सचिव बद्रीनाथ ती मुद्दाम काट्यावर घालायचा. पाव किलोचाही फरक निघायचा नाही.

मुक्ताला सीईटीत सत्त्याण्णव पर्सेंटाइल पडले. छावणीत बद्रीनाथनं पेढे वाटले, तेही उत्तरेश्वरच्याच खर्चानं.

"पोरगी विंजनेर झाल्यावर आमाला वळख देशील का बे?"

"तू पेंढीचं वजन बरोबर लिहीत जा, मग देईन."

दुपारी भाकर घेऊन मुक्ता छावणीत यायची. त्याचं जेवण होईपर्यंत ती प्रवेशाचं पुस्तक वाचून दाखवायची. चाळीस पानांचं पुस्तक, त्यात ओळीला एक नवा शब्द.

"शिष्यवृत्ती म्हंजी उचलच की," तो म्हणाला. हंगामाच्या आधी मुकादम देतो ती उचल. ती अंगावर घेतली की माणूस त्याचा झाला.

"उचल फेडावी लागती, आबा. ही फेडायची न्हाई."

"न फेडता कोण देतंय?"

"सरकार."

"कावून?"

"आपलं उत्पन्न कमी हाय म्हणून."

त्यानं घास थांबवला. सव्वीस हंगाम उत्पन्न कमीच होतं, पण त्याचा कधी काही उपयोग झालेला त्याला आठवेना. आता त्याचाच दाखला आणायला तहसीलला तीन हेलपाटे झाले होते.

"फी माफीचं पैसं आपल्या हातात येत न्हाईत, थेट कॉलेजला जात्यात," मुक्तानं पुढं सांगितलं. "भत्ता तेवढा माझ्या खात्यावर."

"आन नापास झालीस तर?"

"तर पुढच्या साली बंद."

"हे बरोबर हाय," तो म्हणाला. सबंध पुस्तकात हा एकच नियम त्याला मनापासून पटला.

मग कॉलेजांची नावं पसंतीनं लावायची वेळ आली. तोडीला जाताना नाव कसं लावायचं, हे त्याला ठाऊक होतं. जवळचा, चालू होणारच असा कारखाना आधी पक्का करायचा. मग लांबच्या, चांगला दर देणाऱ्याची वाट बघायची. लांबचा आधी धरला आणि तो सुरूच झाला नाही, तर माणूस हंगामभर घरी बसतो. त्यानं तसंच सांगितलं, "अंबाजोगाईचं एक नंबरला. पुण्याचं त्याच्या खाली."

मुक्तानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं. मग तसं लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी दोघं अंबाजोगाईच्या सुविधा केंद्रात गेली. रांगेत अडीच तास मोडले. खिडकीतल्या मॅडमनी यादी बघितली आणि चष्मा वर केला.

"हिचं मेरिट पुण्याला बसतंय की. मग हे पहिलं कशाला टाकलं?"

"पक्कं आधी धरून ठिवायचं," उत्तरेश्वर म्हणाला. "पुढच्या फेरीत मोठं बघू."

"मामा, इथं उलटं असतं. पहिली पसंती मिळाली की तीच घ्यावी लागते, पुढच्या फेऱ्या बंद. खालची नावं कुणी बघतसुद्धा नाही."

"आन पुण्याचं वर टाकलं आन न्हाई मिळालं तर?"

"तर खालचं बघतात. अंबाजोगाईचं कुठं जात नाही."

"मागून थेट कॉलेजात जाऊन पुण्याचं घेतलं तर?"

"मग फी माफी नाही. ती फेरीतून आलेल्यालाच."

तो मुक्ताकडं वळला. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

"तुज्या पुस्तकात हे न्हवतं का?"

"हुतं."

"वाचलतंस?"

"दोनदा."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"अंबाजोगाईला एसटीनं येजा करता येती," ती हळू म्हणाली. "पुण्याला गेले तर तुमी एकलेच. भाकर कोण थापंल?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मामा, घरचं घरी बोला की! पाचला खिडकी बंद हुतीय!"

उत्तरेश्वर जागचा हलला नाही. अंबाजोगाईचं नाव वर घातलं ते पक्कं म्हणून, की जवळचं म्हणून? हे त्यानं स्वतःला विचारलंच नव्हतं. पोरीनं मात्र न विचारता ओळखलं होतं, आणि वर त्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं होतं. स्वतःच्या वाटणीची मोळी त्यानं आजवर कुणाला उचलू दिली नव्हती.

"बदल," तो म्हणाला.

"आबा..."

"बदल म्हणलं ना. भाकर मला येती."

"तुमची करपती."

"करपली तर मीच खाईन. तुला कुठं वाढतोय?"

मॅडम हसल्या. मुक्ता हसली नाही. तिनं पुण्याचं नाव वर घेतलं, पासवर्ड घातला. कागद छापून आला. त्यानं पहिली ओळ बोट लावून वाचली, मग घडी घालून तिच्या हातात दिला.

पहिल्याच फेरीत पुणं लागलं. फाट्यावर गाडीत बसवताना त्यानं तिची ट्रंक स्वतः टपावर चढवली. गुडघा बोलत होता, तरी कंडक्टरला हात लावू दिला नाही. गाडी गेल्यावर तो चालतच गावात आला.

उशिरा का होईना, पाऊस झाला. छावणी उठली. ज्याची त्याची जनावरं घरी गेली, आणि दिवसाच्या दोन फेऱ्याही गेल्या. तो अंगण झाडायचा. झाडून झालेलं परत झाडायचा.

रविवारी तिचा फोन आला.

"वसतिगृह मिळालं, आबा. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला. हजेरी पंच्याहत्तर टक्के लागती म्हणं."

"पंच्याहत्तर कावून? सगळी भर. खाडा करू नगंस."

"बरं. तुमी जेवलात?"

"झालं," तो म्हणाला. झालं नव्हतं.

"आजून काय?"

"काय न्हाई. ठीव."

फोन बंद झाला. सांगायला त्यानं सहा दिवस धरून गोष्टी जमवल्या होत्या. विहिरीला चार हात पाणी आलंय. राधाकिशनची गाय व्यालीय, कालवड झालीय. बद्रीनाथ परवा दारावरून जाताना तिची चौकशी करत होता. त्यातली एकही तोंडातून निघाली नाही. आता पुढच्या रविवारपर्यंत त्या तशाच सांभाळाव्या लागणार होत्या, आणि मध्ये आठवडाभराच्या आणखी साठणार होत्या.