उकिरड्याजवळची माती

"पोरी, बघ कशी हाय आमची लेक!" म्हणत आबा मातीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवायचे आणि शर्टाचं वरचं बटण लावून समोरच्या खुर्चीत ताठ बसायचे. जणू पाहुणे आलेत, आता पसंती कळायचीय.

मी सांगलीजवळच्या एका प्रयोगशाळेत माती तपासते. कुठलं खत किती घालायचं, ते शेतकऱ्यांना सांगते. ऐकलं नाही तर ओरडतेही. आबा निवृत्त सुभेदार, उसाचे बागायतदार. त्यांची माती दर वेळी इतकी झकास निघायची, की मलाच शंका आली.

"आबा, खरं सांगा, ही कुठली माती?"

"उकिरड्याजवळची. लेक दाखवायची म्हटल्यावर पावडर लावूनच दाखवनार का न्हाई?"

मी कपाळावर हात मारला. "अहो, मी सोयरीक जमवत नाही, दुखणं शोधते! डॉक्टरकडे कोणी पावडर लावून जातं का?"

आबा खो खो हसले, आणि मग खरं दुखणं सांगू लागले. ओढ्याकडच्या रानाला मीठ फुटलं होतं. ऊस पिवळा दिसला की युरिया, तरी पिवळा की आणखी युरिया, वर पाणीच पाणी. माती पांढरी पडली होती. आणि नेमकं तेच रान त्यांना मुलीच्या नावावर करायचं होतं.

"लेकीच्या पदरात असलं रान टाकू व्हय गं?" म्हणाले. डोळे भरले होते. त्या दिवसापासून मला या माणसाचा लळा लागला.

दुसऱ्याच दिवशी पांढरी ढेकळं आली. मी बजावलं, युरियाला लगाम घाला, पाणी निघायला चर काढा, उसाआधी धैंचा पेरा आणि तो हिरवा असतानाच खत म्हणून मातीत गाडा.

"हिरवंगार पीक गाडू? गाव तोंडात शेन घालंल की!"

कुरकुरले, पण गाडला. बांधावर उभं राहून, सगळ्यांदेखत, छाती काढून. विचारणाऱ्याला एकच उत्तर, "आर्डर म्हंजी आर्डर!" पुढच्या वर्षी पुन्हा गाडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा झोपेतच गेले.

परवा त्यांची मुलगी माती घेऊन आली. मी सवयीनं दरडावलं, "कुठून घेतलीस?"

"जिथं लय पांढरं हुतं, तिथनंच. आबांनी जागा दावून ठिवलीती. म्हनले, उकिरड्याजवळची नेलीस तर ती बाई आपल्याला हाकलंल."

तपासणी झाली. क्षार उतरले होते. रान ऊस लावण्याजोगं झालं होतं. मी मुलीला सांगायला तोंड उघडलं, पण नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर गेली, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "आबा, पसंत आहे हो लेक!"