सात दिवसांची भट्टी

मुश्ताकचं काम गेलं त्या दिवशी खैरुननं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. तिनं नवऱ्यापुढे ताट वाढलं, तो जेवला नाही, तिनं ते झाकून ठेवलं आणि काय झालं ते दोनदा नीट विचारून घेतलं.

झालं होतं ते असं. चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीत गुणवंतरावांचा बावीस माणसांचा कारखाना होता. अणुवीज केंद्रांच्या कंट्रोल रूमसाठी तिथे अलार्म पॅनल बनायचे. केंद्रात कुठे तापमान किंवा दाब हद्दीबाहेर गेला की पॅनलवरची नेमकी तेवढीच खिडकी लाल पेटते आणि भोंगा वाजतो. आतल्या सर्किट-कार्डांवरचे भाग मुश्ताक सोल्डर करायचा, म्हणजे कथील वितळवून जोडायचा. पाठवण्याआधी ती कार्डं गरम भट्टीत सलग सात दिवस चालवून पाहायची, असा नियम होता. जे कच्चं असेल ते इथेच मरावं, केंद्रात नाही. १९९७ च्या पावसाळ्यात पाठवलेल्या मालातली अकरा कार्डं केंद्राच्या पहिल्याच चाचणीत बंद पडली. गुणवंतरावांनी केंद्राला लिहून दिलं की कारागीर मुश्ताक याचं सोल्डरिंग कच्चं होतं. नावानिशी लिहून दिलं. त्यानंतर वसाहतीतल्या एकाही कारखान्यानं त्याला दारात उभं केलं नाही. तो बसस्टँडमागे टपरी टाकून टेबलफॅन दुरुस्त करू लागला.

दोन वर्षांनी खैरुन त्याच कारखान्यात काम मागायला गेली. जरीकामानं तिचा हात बारीक झाला होता, आणि मोडक्या रेडिओंवर तिनं मुश्ताककडूनच सोल्डरिंग शिकून घेतलं होतं. कुठे कामाला जाणार हे मात्र तिनं त्याला आधी सांगितलं नाही. गुणवंतरावांनी तिला ओळखलं. चार बायांसमोर ते हसून म्हणाले, "नवऱ्यानं बुडवलं, आता बायको भरून काढून राह्यली." खैरुनही थोडी हसली. त्या हसण्यावरून तिला पुढे कित्येक महिने स्वतःचाच राग येत राहिला.

काम तिनं असं केलं की बोट ठेवायला जागा नको. २००१ मध्ये भट्टीची जबाबदारी तिच्याकडे आली. भट्टीला एक यंत्र जोडलेलं होतं. त्यात कागदाची गोल चकती आठवडाभर हळूहळू फिरायची आणि पेन तिच्यावर तापमानाची रेघ ओढायचं. भट्टी बंद पडली की रेघ आत घसरायची. कोऱ्या चकत्या शोधताना एकदा कपाटाच्या तळाशी तिला जुन्या चकत्यांचा गठ्ठा सापडला. १९९७ च्या त्या मालाची चकतीही त्यात होती. रेघ तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली आली होती आणि पुन्हा वर चढलीच नव्हती. म्हणजे उरलेले चारही दिवस भट्टी थंड होती. त्या मालाच्या फाइलमध्ये मात्र सात दिवसांच्या पूर्ण रेघेची चकती लावलेली होती. कुठल्या तरी दुसऱ्या आठवड्याची, झेरॉक्स केलेली.

तिनं खरी चकती ओढणीत गुंडाळून घरी नेली आणि कपड्यांच्या पेटीत ठेवली. मुश्ताकलाही दाखवली नाही. तेव्हाच ती कुणापुढे टाकली असती तर मालकानं दोन शब्दांत निभावून नेलं असतं. तिला तो असा पकडायचा होता की त्याला तोंड उघडता येऊ नये.

संधी २००३ मध्ये आली. कारखान्याला आजवरचं सर्वांत मोठं काम मिळालं होतं आणि मुदत तोंडावर आली होती. कार्डं भट्टीत लावल्यावर तिसऱ्याच दिवशी गुणवंतरावांनी तिला भट्टी बंद करायला सांगितलं. ती नको म्हणू शकली असती. "हो साहेब," एवढंच ती म्हणाली आणि बटण दाबलं. बटण दाबताना तिला आनंद झाला होता, हे तिनं पुढे कधी लपवलं नाही.

माल तपासायला केंद्राचे अधिकारी आले. गुणवंतरावांनी सात दिवसांच्या पूर्ण रेघेची चकती लावलेली फाइल पुढे केली. खैरुननं चहाचे कप बाजूला सारले आणि पेटीतली चकती व या आठवड्याची खरी चकती, दोन्ही टेबलावर ठेवल्या. अधिकाऱ्यांनी १९९७ ची जुनी फाइल मागवली. मग बराच वेळ ते दोन्ही फाइलमधल्या चकत्या शेजारीशेजारी धरून पाहत राहिले. दोन्हींवर बुधवारी दुपारी एकाच जागी रेघेला बारीकसा खड्डा होता.

"सहा वर्षांच्या अंतरानं," ते म्हणाले, "एकाच बुधवारी, एकाच मिनिटाला तुमची लाइट गेली होती का?"

गुणवंतरावांनी फाइल मिटायला हात पुढे केला.

काम रद्द झालं, केंद्राच्या पुरवठादारांच्या यादीतून नाव निघालं आणि कारखान्याला कुलूप लागलं. आठवड्याभरानं गुणवंतराव खैरुनच्या दारात आले. भट्टी आपल्याच चुकीनं बंद पडली असं तिनं लिहून द्यावं, म्हणजे यादीत परत जागा मिळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तिनं त्यांना बाजेवर बसवून ठेवलं आणि हातातलं कपडे धुण्याचं काम संपवलं. मग कागद आणला.

"पयले तुमी लिवा. मुश्ताकचं सोल्डरिंग पक्कं होतं, भट्टी मीच बंद केली होती, असं."

त्यांनी लिहिलं, सही केली आणि हात पुढे केला. खैरुननं कागद वाचून घडी घातली.

"आता जा," ती म्हणाली. "मी काई लिवून देणार नाई."

संध्याकाळी तिनं तो कागद मुश्ताकला दिला. त्यानं तो दिव्याखाली धरून वाचला. मग त्यानं विचारलं ते लच्छूचं. लच्छू कारखान्यात त्याच्या शेजारी बसून वायरिंग करायचा. कारखाना बंद पडल्यावर तो सावली गावी सासऱ्याच्या शेतावर, धानाच्या बांधीत कामाला गेला होता. खैरुनच्या शेजारी बसणारी रुखसार रस्त्यात भेटली की तोंड फिरवायची.

"त्याईनं काय केलं होतं?" मुश्ताकनं विचारलं.

"तुह्यं नाव गेलं तवा त्याईनं काय केलं?" खैरुन म्हणाली. त्यानं कागदाची घडी घालून तो तिला परत दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती कागद घेऊन वसाहतीत फिरली. ज्या ज्या दारातून मुश्ताकला परत पाठवलं होतं, त्या प्रत्येक दारात तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. नवव्या कारखान्यानं त्याला बोलावलं. मुश्ताक गेला नाही. पंखेच बरे, म्हणाला. तिथल्या भट्टीवर खैरुन कामाला लागली, आणि पुढची सोळा वर्षं तिच्या भट्टीला कुणी हात लावला नाही.